शबनम आडवी झोपली त्या दिवशी

ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वरातीच्या धंद्यातून सुटलेली एक घोडी तुम्ही हिंगण्याकडच्या वावरात नऊ वर्षं सांभाळली. आठ दिवसांपूर्वी ती पोटशुळात गेली. रात्री अडीच वाजता डॉक्टरांनी विचारलं आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय: घाई झाली का? तिला आपला लळा होता की नुसत्या चंदीचा? मुलाला ‘घोडी गावाला पाठवली’ असं सांगितलंय आणि तो रोज विचारतो, कधी येणार. सासूबाई म्हणतात, जनावरच होतं, किती दिवस रडशील. दुसरी घोडी आणावी का, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ: ‘तिच्या सोबतीला आणलेलं गाढव फाटकापाशीच उभं असतं, फारसं खात नाही.’

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. बाकीचं उत्तर दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल, हे मात्र आज वाचा.

गाढव जोडीदारात फार गुंततं आणि दुखणं दाखवत नाही. घोडा दुखलं की लोळतो, घामेजतो, पाय आपटतो. गाढव नुसतं उभं राहतं. लोक म्हणतात, बिचारं उदास आहे, होईल ठीक. पण गाढवाचं खाणं निम्म्यावर आलं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडायला लागतं, ती यकृतात जाऊन बसते, आणि एकदा ते चक्र सुरू झालं की पुढे खायला दिलं तरी तोंडच लागत नाही. अंगाने भरलेल्या गाढवाला हा धोका जास्त. तुमचं नऊ वर्षं लाडात वाढलेलं आहे, म्हणजे भरलेलंच असणार. तेव्हा उद्याच डॉक्टरांना बोलवा, रक्त काढा आणि त्यातली चरबी तपासायला सांगा. तोवर त्याच्यापुढे जे खाईल ते ठेवा: सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे देठ, किसलेलं गाजर, ओल्या कोंड्यावर चिमूटभर गुळाचं पाणी. आणि त्याला एकटं ठेवू नका. शेजारी एखादी शेळी बांधली तरी फरक पडतो. घोडी गेली तेव्हा तिला झाकून, गाडीत घालून लगेच नेलं, असं तुम्ही लिहिलंय. गाढवाला तिच्याजवळ तासभर सोडलं असतं तर बरं झालं असतं. हुंगून, फिरून, एकदा कळलं की ती जनावरं आपणहून बाजूला होतात. ज्यांना दाखवलं जात नाही ती शोधत राहतात. आता ते होणार नाही. पण तिचा तोबरा आणि पाठीवरची झूल धुऊन टाकली नसेल तर काही दिवस कोठ्यात तशीच राहू द्या.

आता बाकीचं. मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि १९९८ पासून नागपूर आणि आसपासच्या गावांत प्रॅक्टिस करतो. घोडा हा काही माझा रोजचा पेशंट नाही. गाई, म्हशी, शेळ्या आणि शहरातली कुत्री, यांच्यावर माझं घर चालतं. पण लग्नसराईत घोडेवाल्यांचे फोन येतात, त्यामुळे वरातीचे घोडे इतके पाहिलेत की आता मोजणं सोडलं. आणि एक घोडी माझ्या घरात बारा वर्षं होती. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी पुस्तकातून देऊ शकतो, पण खरी उत्तरं मला तिच्याकडून मिळाली, म्हणून तिच्यावरूनच सांगतो.

तिचं नाव शबनम. घोडेवाल्याने ठेवलेलं. आमच्या घरी आल्यावर बहिणीने सुचवलं, लक्ष्मी ठेवू, गौरी ठेवू. आई म्हणाली, तिचं सगळंच बदललंय, नाव तरी राहू द्या. मग आईच तिला शबनमबाई म्हणायला लागली.

२००९ च्या आषाढात घोडेवाल्याचाच फोन आला. ‘डॉक्टरसाब, एक बार आके देख लो, मेरेसे नही होता अब.’ कामठी रोडच्या मागे एका टिनाच्या शेडमध्ये ती उभी होती. बरगड्या मोजता येत होत्या, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खड्डे पडलेले, नाल झिजून कागदासारखे पातळ. लोक अशा वेळी घोडेवाल्याला शिव्या देतात. मला ते जमत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद. चार महिने घोडा कमवत नाही, पण खातो मात्र रोज. ज्याच्याकडे दोन घोडे आणि पाच माणसं आहेत, तो आधी कुणाच्या ताटातलं काढणार? देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ च्या गणनेत ३ लाख ४० हजार उरले. हा धंदा बसत चाललाय, आणि बसणाऱ्या धंद्यात पहिली उपासमार जनावराची होते. त्या माणसाने तिला विकलं नाही, रस्त्यावर सोडलं नाही, डॉक्टरला फोन केला. दोर माझ्या हातात देताना त्याने तिच्या कपाळाला कपाळ लावलं होतं.

काटोल रोडला कळमेश्वरच्या अलीकडे आमची संत्र्याची थोडी बाग आहे, तिथेच घर. टेम्पोतून तिला उतरवलं आणि टेप लावला. वजनकाटा नसेल तर पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. घेर १४२, लांबी १२६: वजन २१४ किलो. त्या उंचीच्या घोडीचं तीनशेच्या आसपास हवं. दातांवरून वय चौदा-पंधरा. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची उभी खाच निम्म्यावर उतरली होती.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळे सुटका झालेली जनावरं सुटकेनंतर मरतात. उपाशी घोड्याला पहिल्या दिवशी पोटभर खाऊ घालणं म्हणजे त्याला मारणं. उपासात शरीर साखरेवर चालायचं थांबून चरबी आणि मांसावर चालतं. अशात हरभरा, गूळ, मका असं काही पुढे ठेवलं की रक्तात एकदम इन्शुलिन वाढतं, आणि फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढले जातात. हृदय आणि फुफ्फुसं तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत दगा देतात. माणसं म्हणतात, एवढं खाऊ घातलं तरी गेला. द्यायचा तो लसूणघास, थोडा थोडा, दर चार तासांनी. शबनमला मी पाव किलोपासून सुरुवात केली. चौथ्या दिवसापासून मात्रा वाढवत, वेळा कमी करत, दहाव्या दिवशी पोटभर वैरणीवर आणलं. रात्री दोनचा आणि सहाचा पाळा आईचा होता.

दुसऱ्या रात्री मला कोठ्यात गुळाचा वास आला. आईच्या पदरात भिजवलेले हरभरे आणि गूळ होता, अर्धा देऊन झाला होता. मी आईवर आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, ‘अरे ती माझ्याकडे पाहून राहिली होती ना.’ पुढचे तीन दिवस मी दर दोन तासांनी घोडीची नाडी मोजली. ती वाचली. आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, घोडीशी मात्र बोलत होती.

आता तुमचा लळ्याचा प्रश्न.

शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक त्याचे मालक. सात अधिक पाच म्हटलं की खुराने बारा टापा. ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने तपास केला तेव्हा कळलं, घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं, खांदे नकळत किंचित हलायचे, आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो पडद्याआड असला की हान्स चुकायचा. ही गोष्ट लोक ‘बघा, जनावराला काही कळत नाही’ म्हणून सांगतात. मी ती उलटी वाचतो. ज्या हालचालीचा पत्ता खुद्द माणसाला नव्हता, ती त्या घोड्याला दिसत होती. २०१६ साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी घोड्यांना अनोळखी माणसाचे हसरे आणि रागावलेले फोटो दाखवले. रागावलेला चेहरा घोडे डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांचे ठोके लवकर चढत. म्हणजे तुमचं घरातलं भांडण, तुमचा ताप, तुमचा आनंद, तिला सगळं वाचता येत होतं. पण वाचता येणं वेगळं आणि लळा वेगळा, हे मला मान्य आहे. चंदीची बादली पाहून खिंकाळणं हे चंदीसाठीच असतं, त्यात लाजायचं काही नाही. माझी मुलगीसुद्धा शाळेतून आली की आधी डब्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

म्हणून मी घोडा काय करतो ते बघत नाही, तो काय करायचं सोडतो ते बघतो.

शबनम आली तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून जखमांचे घट्टे होते. जुन्या जखमेवर नवी. मला आधी वाटलं, डांबरी रस्त्यावर ठेचकाळली असेल. तिसऱ्या रात्री कोठ्याच्या दारात बसलो होतो तेव्हा पाहिलं. ती उभी होती, मान हळूहळू खाली गेली, डोळे मिटले, आणि अचानक पुढचे पाय दुमडले. सांधे जमिनीवर आपटले, आणि दचकून ती परत उभी. थरथरत. तासाभराने पुन्हा तेच.

घोडा उभ्याने झोपतो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण ते अर्धंच खरं. उभ्याने तो डुलकी घेतो. गाढ झोप, जिच्यात स्वप्नं पडतात, ती त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, कारण त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात. दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरते, पण ती लागतेच. आणि आडवा झालेला घोडा म्हणजे शिकार. तीनशे किलोचं धूड उठून पळायला वेळ लागतो. म्हणून कळपात एक उभा राहतो तेव्हा बाकीचे आडवे होतात. जो घोडा एकटा आहे, घाबरलेला आहे, किंवा ज्याची जागाच आडवं होण्याएवढी नाही, तो आठवडेच्या आठवडे आडवा होत नाही. मग झोप त्याला उभ्याउभ्या पाडते. ते घट्टे तिच्या झोपेचे होते.

आम्ही कोठ्यात भरपूर तणस घातलं, सोबतीला एक शेळी आणून ठेवली. शबनम शेळीला घाबरली. श्रावण गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. वजन भरलं, आयाळीला चकाकी आली, नालबंदाने खूर सरळ केले आणि म्हणाला आता हिला नाल नको, माती आहे इथं. सगळं सुधारलं, पण घोडी आडवी होईना.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊचा सुमार, थंडी होती. आई ओट्यावर उन्हात तीळ निवडत बसली होती आणि शबनम अंगणात सुटी होती. तिने जमीन हुंगली, एका जागी दोन गोल फेऱ्या घेतल्या, पुढचे गुडघे टेकले आणि बसली. मग कुशीवर झाली. मग मान टाकली. मी आतून धावत आलो, मला वाटलं पोटशूळ. आईने बोट ओठावर ठेवलं. घोडी घोरत होती. पाय मधूनमधून हलत होते, खालचा ओठ लोंबलेला. बायकोने आत कुकर लावला होता. आई ताडकन उठली आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला. बावीस मिनिटं झोपली ती. आम्ही तिघं दारात उभे होतो. शेजारचा मुलगा फटफटी घेऊन आला त्याला आईने फाटकातच थांबवून परत पाठवलं.

ताई, तुमची घोडी तुमच्यासमोर आडवी व्हायची का? तुम्ही लिहिलंय, ‘मुलगा अभ्यास करत बसला की त्याच्या मागे पसरायची.’ ही ओळ तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिली आहे, वह्या मातीत जायच्या म्हणून. मला ती ओळ तुमच्या सबंध मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्या पोराला तिने पहाऱ्यावर ठेवलं होतं. चंदीसाठी कुणी असं करत नाही.

दुसरी गोष्ट बँडची. काटोल रोडवर किती लॉन झालीत तुम्हाला माहीत आहे, लग्नसराईत रोज संध्याकाळी कुठूनतरी बँड ऐकू येतो. तुळशीचं लग्न झालं आणि पहिला बँड वाजला, तशी शबनम चरता चरता थांबली. कान उभे. मग सरळ चालत ओट्यापाशी आली आणि ओट्याला अंग लावून, मान ताठ करून उभी राहिली. आम्हाला कळेना. मग लक्षात आलं: ती नवरदेव चढायची वाट पाहत होती. बँड थांबेपर्यंत, सव्वा तास, ती तशीच. घामाने ओली. ‘वरातीमागून घोडं’ आपण उशिरा सुचण्याला म्हणतो. इथे वरात तिच्या मागे लागली होती. तीन लग्नसराया असंच चाललं. आई दर वेळी जाऊन तिच्या शेजारी उभी राहायची, पाठीवर हात ठेवून, काही न बोलता. चौथ्या वर्षी एकदा बँड वाजला, ‘आज मेरे यार की शादी है’ अगदी स्पष्ट ऐकू येत होतं, आणि शबनमने मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा हराळी खायला लागली. आई त्या दिवशी आत येऊन रडली.

त्याच वर्षी, २०१३ ला, आमची मुलगी जन्मली. तिचं आणि घोडीचं काय काय होतं ते लिहीत बसलो तर हे उत्तर संपणार नाही. एवढंच सांगतो, ती चालायला शिकली ती शबनमच्या पुढच्या पायाला धरून. मी डॉक्टर म्हणून कुणालाही हे करू देणार नाही. तुम्हीही करू नका.

आता शेवटची रात्र. ‘घाई झाली का’ याचं उत्तर मला इथूनच देता येतं.

२०२१, पोळ्याला आठ दिवस होते. मी संध्याकाळी आठला घरी आलो. आई म्हणाली, शबनमबाईने चंदी अर्धी टाकली, सारखी कुशीकडे बघून राहिली. मी नाडी पाहिली, ४८. घोड्याची २८ ते ४४ हवी, म्हणजे थोडी वर. पोटाला स्टेथोस्कोप लावला, आवाज होते, कमी होते. पावसाळ्यात ओला चारा जास्त होतो, वाटलं गॅस असेल. दुखणं दाबणारं इंजेक्शन दिलं आणि जेवायला बसलो. दुसऱ्याची घोडी असती तर मी तासभर तिथेच थांबलो असतो. घरची होती, म्हणून जेवायला बसलो. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

दहाला बाहेर गेलो तेव्हा ती घामाने निथळत होती. नाडी ८४. हिरड्या गुलाबीच्या विटकरी झालेल्या, बोटाने दाबल्यावर रंग परतायला चार सेकंद, जे दोनच्या आत हवेत. घोड्याला उलटी करता येत नाही, जठराच्या तोंडाची झडप एवढी घट्ट असते की आतलं जठर फाटेल पण वर येणार नाही. नाकातून नळी घातली तर पुढे सरकायला हवं ते पाणी उलटं बादलीत आलं, बादलीभर. म्हणजे पुढे रस्ता बंद. मी मित्राला बोलावलं, तोही पशुवैद्य. त्याने पोटातून सुईने पाणी काढलं, ते लालसर होतं. आतलं आतडं मरायला लागलं की ते तसं येतं. यावर एकच इलाज, पोट उघडणं. घोड्याला पूर्ण भूल देऊन हे करणारी तयारी रेसकोर्स असलेल्या शहरांच्या आसपास असते, आमच्यापासून शेकडो किलोमीटरवर. सव्वीस वर्षांची घोडी त्या अवस्थेत टेम्पोत घालून नेणं म्हणजे तिला रस्त्यात लोळत मरू देणं.

रात्री एकला मी मित्राला म्हटलं, तू दे. मी तिचं डोकं धरलं. आधी गुंगीचं औषध दिलं, तिची मान माझ्या खांद्यावर जड झाली, मग भुलीचं औषध भरपूर मात्रेत. आई आतून हळदकुंकवाचं ताट घेऊन आली होती. दारातच थांबली, मग परत नेऊन ठेवलं. म्हणाली, नको, वरातीसारखं होईल.

सकाळी मित्राने पोट उघडून पाहिलं. म्हाताऱ्या घोड्यांत आतड्याच्या पडद्याला चरबीची गाठ होते, तिला दांडी फुटते, आणि एक दिवस ती दांडी छोट्या आतड्याभोवती फासासारखी बसते. तेच होतं. बाहेरून कळायचा उपाय नाही, टाळायचाही नाही. आठ ते दहा हे दोन तास मी जेवत बसलो नसतो तरी शेवट हाच होता. मला हे डॉक्टर म्हणून माहीत आहे. तरी आजही घोड्याच्या पोटशुळाचा फोन आला की मी जेवण सोडून उठतो.

तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाहिला. नाडी ९२, नळीतून पाणी, हिरड्या जांभळट, दोन वेळा इंजेक्शन देऊनही लोळणं चालू. यात ‘सकाळपर्यंत थांबू’ याचा अर्थ आणखी चार तास वेदना, एवढाच होता. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तेव्हा निवड जगणं आणि मरणं यांत उरली नव्हती. उरली होती ती मरण कसं येईल याची. तुम्ही घाई केली नाही. अशा फोनवर मी पाहतो ते बहुतेक वेळा उलट असतं, माणसं आपल्याला सोडवत नाही म्हणून जनावराला थांबवतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. माझी आई पहिल्या महिन्यात म्हणायची, घोडं आणलंस, कोण करणार त्याचं. त्या पिढीने घरची जनावरं गेलेली खूप पाहिलीत, प्रत्येकासाठी रडल्या असत्या तर स्वयंपाक कुणी केला असता? पण एकदा लक्ष ठेवून बघा, त्या रिकाम्या कोठ्याकडे दिवसातून किती वेळा जातात.

मुलाला मात्र आज सांगा. ‘गावाला गेली’ म्हटलं की तो परत येण्याचे दिवस मोजतो, आणि खरं बाहेरून कळलं की तुमचं पुढचं बोलणं तोलून घेतो. ‘झोपली’ असंही म्हणू नका, मुलं झोपायला भितात. मेली म्हणा. पोटात आतडं अडकलं होतं, खूप दुखत होतं, बरं होणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि ती मेली. तुम्हीच ‘हो’ म्हणालात, हेही सांगा. तो चिडेल. चिडू द्या. आमची आठ वर्षांची होती. तिला पहाटे उठवून कोठ्यात नेलं. तिने पहिला प्रश्न विचारला, डोळे उघडे का आहेत? मी सांगितलं, घोड्याचे राहतात तसे. दुसरा प्रश्न, मी शेपटीचे केस घेऊ का? मी कात्री आणून दिली.

जेसीबी बोलावून विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, बागेच्या वरच्या धुऱ्याला खोल खड्डा केला. खोल यासाठी की त्या औषधाचा अंश मांसात राहतो, कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरतात. तुमचा खड्डा किती खोल झाला ते मला माहीत नाही. माती बसली असेल तर वरून आणखी टाकून दगड रचा.

तान्ह्या पोळ्याला मुलीने लाकडी नंदी सजवला. गळ्यात घुंगरांची माळ असते तिथे तिने शबनमच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांची वेणी बांधली होती. घरोघरी बोजारा मागत फिरली. एका काकूंनी विचारलं, बैलाला हे कशाचे केस गं? ती म्हणाली, आमच्या घोडीचे, ती वरातीला जायची, तिला फिरायची सवय आहे. पाच रुपयांच्या जागी दहा मिळाले असं घरी येऊन सांगत होती.

दुसरी घोडी आणण्याबद्दल: महिनाभर काही ठरवू नका, फक्त गाढवासाठी सोबत बघा, शक्यतो गाढवच. आणि पुढे घोडी आणायची झाली तर कोठ्यात घेण्याआधी रक्त तपासा. ग्लँडर्ससाठी नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो, तो रोग माणसालाही होतो. सरा हा रक्तातल्या परजीवीचा रोग, तो स्थानिक पातळीवर तपासता येतो. रिपोर्ट येईपर्यंत वेगळी बांधा, वेगळी बादली.

आणि उद्या गाढवाचं रक्त काढलं की नळी तासभर उभी ठेवून स्वतः डोळ्यांनी बघा. वरचं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसेल असं हवं. ते ताकासारखं दुधाळ दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका, तेव्हाच मला फोन करा, रात्र असली तरी.